वाचक विचारतात: उन्हाळ्यात मोटरहोममधलं पाणी पुरवायचं कसं?

मागच्या अंकात मोटरहोमनं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीनं, विदर्भ फिरण्यावर लेख आला होता, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर सगळं पाण्यावरच ठेवतोय. २०२१ ला राज्यानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून आपल्याकडंही या गाड्या दिसायला लागल्यात, कुणी ट्रॅव्हलर व्हॅन बांधून घेतो, कुणी भाड्यानं आणतो, पण पलंग, गॅस, टीव्ही कुठं बसवायचा याचा जेवढा विचार होतो तेवढा पाण्याचा होत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढची उत्तरं समजायला सोपी जातील. टाकी मोठी करायच्या मागं लागू नका, पाणी वेगवेगळं ठेवा. प्यायचं वेगळं, वापरायचं वेगळं आणि एकदा वापरून झालेलं वेगळं. हे तीन एकत्र झाले की कितीही मोठी टाकी असो, ती पुरत नाही.

दादा, आम्ही वर्ध्याचे. घरी चौघं. ट्रॅव्हलरला १०० लिटरची टाकी बसवलीय. चिखलदऱ्याला गेलो तर संध्याकाळी भरलेली टाकी सकाळी नऊ वाजता कोरडी. गाडी बांधून देणारा म्हणतो २५० ची बसवून घ्या. बसवू का?

नका बसवू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा १५० लिटर वाढवलं म्हणजे दोन धडधाकट माणसं कायमची मागं बसवून फिरल्यासारखं झालं, डिझेल जास्त, ब्रेकवर ताण जास्त आणि परतवाड्यावरून घाट चढताना ते कळतंच. त्यातून मोठी टाकी अर्धी रिकामी झाली की वळणावर आतलं पाणी हिंदकळतं, आत आडव्या पट्ट्या टाकलेल्या नसतील तर गाडी बाजूला ओढल्यासारखी होते. टाकी आहे तीच ठेवा, फक्त ती चाकांच्या आसाजवळ आणि जमेल तेवढी खाली आहे ना ते बघून घ्या.

आता पाणी गेलं कुठं ते बघू. या गाड्यांमधला १२ व्होल्टचा पंप साधारण मिनिटाला १०-११ लिटर पाणी फेकतो. नळ सुरू ठेवून एका माणसानं दोन मिनिटं दात घासले, तोंड धुतलं की २० लिटर गेले. चौघांचे ८०. अजून कुणाची आंघोळ नाही, चहाचं भांडंही धुतलेलं नाही आणि टाकी संपायला आली. घरी आपल्याला हे दिसत नाही कारण गच्चीवर हजार लिटरची टाकी असते आणि नळ आले की ती भरते.

तर पहिलं काम, तोंड धुवायला नळ नाहीच, पाण्याचा मग घ्यायचा. एका मगात तोंड धुऊन होतं, आपले आजी-आजोबा गडूभर पाण्यात करायचेच. दुसरं, वॉश बेसिनच्या नळाला जाळीवाला एरेटर लावा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, पाण्यात हवा मिसळते त्यामुळं धार भरलेली वाटते पण पाणी कमी जातं. आणि गाडी बांधणारा ऐकणारा असेल तर बेसिनला पायानं दाबायचा पंप लावून घ्या, पाय उचलला की पाणी बंद, मुलांना सारखं ओरडावं लागत नाही. माझ्या मते सगळ्या गाडीत यासारखा उपयोगाचा खर्च दुसरा नाही.

हिशेब असा धरा. प्यायला आणि स्वयंपाकाला उन्हाळ्यात माणशी सहा लिटर, म्हणजे चौघांचे २४, हे टाकीत ठेवायचंच नाही, वेगळ्या कॅनमध्ये ठेवायचं. आंघोळ माणशी पाच, म्हणजे २०. भांडी दहा. हातपाय, तोंड दहा-बारा. संडासला दहा. म्हणजे टाकीतून रोज पन्नास-बावन्न जातात, १०० लिटर जवळपास दोन दिवस पुरतात. जल जीवन मिशनमध्ये गावात माणशी रोज ५५ लिटर द्यायचं ठरलंय, प्यायचं-स्वयंपाकाचं सोडलं तर तुमचं अख्खं कुटुंब तेवढ्यात एक दिवस काढू शकतं आणि त्यात कुणाचे हाल होत नाहीत.

एक गोष्ट मात्र घट्ट धरून ठेवा. बचत प्यायच्या पाण्यात करायची नाही. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, गाडीत बसल्या बसल्या माणूस कोरडा पडतो आणि लहान पोरं तहान लागली असं सांगतही नाहीत. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडतंय, तेव्हा बाकी सगळं थांबवून आधी पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखर, काय असेल ते द्या.

आम्ही चंद्रपूरकडचे. उन्हाळ्यात कूलरशिवाय झोप नाही. मोटरहोममध्ये १२ व्होल्टचा छोटा कूलर बसवला तर किती पाणी लागेल? एसीला पॉवर पुरत नाही.

भाऊ, चंद्रपूरचं ऊन मला माहीत आहे म्हणून हा प्रश्न मी हलका घेत नाही. पण कूलर हा गाडीतला सगळ्यात जास्त पाणी पिणारा सोबती आहे हे आधी समजून घ्या. कूलर थंड करतो तो पाणी उडवूनच, पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणजे जेवढा गारवा तेवढं पाणी गेलंच, त्यात काटकसरीची सोय नाही. लहान कूलरही आपल्या कोरड्या हवेत तासाला दोन-तीन लिटर सहज संपवतो. रात्रभर चालवला तर २० लिटर, म्हणजे चौघांची आंघोळ. आणि खिडकी उघडी नसेल तर आत ओल साचून चिकचिक होते, मग तो असून नसून सारखाच.

म्हणून मी काय सांगतो, आधी गाडी तापू देऊ नका, मग गार करायची वेळ कमी येते. दुपारी थांबायचं ते झाडाखाली, आंबा, वड, निंब, चिंच, जे मिळेल ते, पण सावली सकाळची नाही तर दुपारी दोन ते पाचची बघायची, बरेच जण सकाळी अकराची सावली बघून गाडी लावतात आणि तीन वाजता उन्हात असतात. गाडीची मोठी काच पश्चिमेला येऊ देऊ नका. काचांना चकचकीत चांदी शीट बाहेरून लावा, आतून लावली तर ऊन काचेतून आत येऊन गेलेलंच असतं. टपावर पांढरा रंग. पहाटे पाचला निघायचं, अकराला थांबायचं, परत चारनंतर निघायचं, आपले बैलगाडीवाले काय वेडे होते का.

रात्री झोपताना वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीवर एक ओला पंचा टाका आणि समोरच्या खिडकीला छोटा पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा. एक-दीड लिटरमध्ये झोप लागेपर्यंतचा वेळ निघून जातो. एवढं करूनही कूलर पाहिजेच असेल, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल, तर जरूर लावा, पण त्याचं पाणी वेगळ्या कॅनमधून द्या म्हणजे किती गेलं ते डोळ्यांना दिसतं, मेन टाकीला जोडलं की सकाळी कळतं. आणि भांड्या-आंघोळीचं पाणी कूलरमध्ये टाकायची आयडिया कुणी देईल तर ऐकू नका, तो पंखा त्या पाण्यातली घाण तुमच्या तोंडावर मारेल.

जाता जाता, ज्यांच्याकडं एसी आहे आणि लाईटची सोय असलेल्या जागी थांबतात त्यांनी एसीच्या नळीखाली कॅन ठेवावा. मेमध्ये हवा कोरडी असते तेव्हा फार काही मिळणार नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये चांगलं पाणी जमतं, संडासला आणि फरशी पुसायला उपयोगी. प्यायला नाही.

ताई-दादा जे कोणी उत्तर देत असाल, मी यवतमाळ जिल्ह्यातली. शेतातला फवारणी पंप आंघोळीला वापरला तर कमी पाण्यात होते असं व्हिडिओत पाहिलं. आमच्या घरी दोन पंप पडून आहेत, गाडीत नेऊ का?

ताई, अजिबात नाही. कितीही धुतला तरी नाही. पंप, नळी, नोझल, आतलं रबर, या सगळ्यात औषध मुरलेलं असतं आणि ते पाणी गरम अंगावर, डोळ्यात, पोरांच्या तोंडात जाणार. २०१७ ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. जुना पंप घरीच राहू द्या, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असा.

पण व्हिडिओतली कल्पना चांगली आहे, फक्त नवा पंप घ्या. बागेसाठी पाच लिटरचा हवा भरायचा पंप मिळतो, नवा कोरा घ्यायचा, त्यावर मोठ्या अक्षरात पेंटनं आंघोळ असं लिहून ठेवायचं म्हणजे शेतात कुणी चुकून नेणार नाही. काळ्या रंगाचा असेल तर तासभर उन्हात ठेवला की पाणी आपोआप गरम, गिझर नको गॅस नको. अंग ओलं करा, बंद करा, साबण लावा, मग धुवा. दोन-तीन लिटरमध्ये अंग स्वच्छ होतं. डोक्यावरून न्हायचं असेल त्या दिवशी पाच-सहा लिटर धरा, लांब केस असतील तर जास्तच लागेल आणि त्यात काही वावगं नाही, त्या दिवशी पाणी भरायच्या जागेजवळ मुक्काम ठेवा म्हणजे झालं. साबण कमी लावला की धुवायला पाणी कमी लागतं, हे अर्धं गणित आहे.

आंघोळ टबात उभं राहून करा. ते पाणी त्याच दिवशी संडासला वापरता येतं. दुसऱ्या दिवसावर ठेवू नका, उन्हाळ्यात रात्रीतून वास मारतं.

शेगावहून अकोट, दर्यापूर करत अमरावतीला जायचं आहे. त्या भागात पाणी खारं असतं म्हणतात. टाकीत भरलं तर चालेल का? गाडीत आरओ बसवावा का?

हा प्रश्न विचारला ते फार बरं केलं, बाहेरून येणाऱ्यांना याचा पत्ताच नसतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय, जमिनीखालचं पाणीच खारट, विहीर खोदा नाहीतर बोअर मारा. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या या पाण्याशी झगडत आली आहेत आणि आता बऱ्याच गावांना धरणातून नळयोजनेचं पाणी येतं. म्हणून तिथं पाणी घेताना एकच विचारायचं, हे नळाचं की बोअरचं?

बोअरचं खारं पाणी टाकीत भरलं तर तीन त्रास. एक, कठीण पाण्यात साबणाला फेस येत नाही, मग आपण साबण वाढवतो, मग धुवायला पाणी वाढतं, म्हणजे १०० लिटर भरूनही ते ६०-७० इतकंच कामी येतं. दोन, क्षार पंपात, नळाच्या जाळीत, गिझरमध्ये बसतात. तीन, प्यायचा तर प्रश्नच नाही. त्यामुळं शेगावात टाकी पूर्ण भरून निघा आणि मग अमरावतीतच भरा, एवढं अंतर एका टाकीत आरामात होतं. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, जवळ ठेवा, काहीशे रुपयांत मिळतो, भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा पर्याय नसेल तर २००० ही शेवटची मर्यादा दिलीय.

आरओ मात्र नको. घरगुती आरओ एक लिटर चांगलं पाणी द्यायला दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, घरी ते मोरीत जातं आणि कळत नाही, गाडीत टाकीच रिकामी होते. त्यापेक्षा २० लिटरचे दोन कॅन भरून घ्या, एक संपला की दुसरा उघडायचा आणि पुढच्या मोठ्या गावात पहिला भरायचा. प्यायला थंड पाहिजे तर छोटा माठ किंवा छागल, म्हणजे पाण्याची जाड कापडी पिशवी. जुने ट्रक-जीपवाले छागल बाहेर टांगून चालवायचे, वाऱ्यानं पाणी गार राहतं, पाझरून थोडंसं जातं पण फ्रिजची बॅटरी वाचते.

आता याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडं आणि चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. ते चवीला कळत नाही, टीडीएस मीटरवर दिसत नाही आणि उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. हातपंपाला लाल रंग मारलेला असेल तर ते पाणी पिऊ नका आणि रंग नसेल तरी गावात विचारून घ्या, गावातल्या बायांना कोणत्या पंपाचं पाणी प्यायचं आणि कोणत्याचं धुण्याला हे पक्कं माहीत असतं.

भांडी घासण्यातच सगळं पाणी जातं. काय करू? (नागपूर)

आधी भांडी कमी करा. पळसाच्या पानाच्या पत्रावळी आपल्याकडं बाजारात मिळतात, जेवल्यावर गाईला नाहीतर खतात, धुणं नाही. कुकरमध्ये एकावर एक डबे लावून वरण, भात, बटाटे एकदम, आणि खाली उरलेल्या गरम पाण्यात चमचे बुडवून ठेवा. तेलकट कढई-गंज आधी जुन्या पेपरनं कोरडे पुसा, हे केलं की अर्धं पाणी तिथंच वाचतं. रोडगे-वांग्याचा बेत असेल तर चूल मोकळ्या जागी, परवानगी असेल तिथंच, आणि राखेनं भांडी छान निघतात. शेवटी धुवायला वाहता नळ नाही, दोन घमेली, एक साबणाचं एक साधं. साध्या घमेल्यातलं पाणी पुढच्या वेळेला साबणाचं होतं.

ते तेलकट पाणी रस्त्याच्या कडेला, नाल्यात, विहिरीजवळ सोडू नका. लोणारला तर मुळीच नाही, ते सरोवर २०२० पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि तिथलं पाणी इतकं वेगळं आहे की आपल्या साबणाचा एक टबही तिथं नको. मेळघाटात, ताडोबाच्या बाजूनं जाताना जनावरांच्या पाणवठ्यावर गाडी धुवायला थांबणं हे मी माफ करण्यासारखं मानत नाही.

कॅसेट टॉयलेटमध्ये फिनाइल टाकलं तर चालतं का? रिकामं कुठं करायचं?

फिनाइल नको, सेप्टिक टँकमधले जंतू मरतात आणि ज्यानं तुम्हाला जागा दिली त्याचाच टँक बिघडतो. बायो-एन्झाइमची पावडर मिळते ती टाका. कॅसेट म्हणजे संडासाखालची काढता येणारी मैल्याची टाकी, ती साधारण २० लिटरची असते, चौघांना दोनच दिवस. ती सेप्टिक टँक असलेल्या संडासातच रिकामी करायची, हॉटेल किंवा रिसॉर्टवाल्याला आधी विचारून, पैसे देऊन. धुवायला जेट स्प्रे काढून टाका, त्यात किती गेलं कळत नाही, अर्ध्या लिटरची बाटली पुरते.

प्रवासाला निघताना टाकी साफ कशी करायची? आणि पंप मधेच आपोआप सुरू होतो, ते काय? (अकोला)

साफ घरीच करा, रस्त्यात नाही. १०० लिटरला १०० मिली साधं, वासाचं नसलेलं ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (पातळ ब्लीच), सगळे नळ उघडून वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी काढून टाका आणि वास जाईपर्यंत दोनदा धुवा. ते पाणी मोरीत, झाडांना नको. सगळे नळ बंद असताना पंप कट्‌ करून सुरू होत असेल तर कुठंतरी गळतंय. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला १५-२० लिटर जातात. रात्री झोपताना आणि गाडी चालवताना पंपाचं बटण बंदच ठेवा.

माह्यं गाव हायवेपासून जवळ हाय. उन्हाळ्यात हे मोठमोठ्या गाड्यावाले येते आन हापशीवर पाइप लावून टाकी भरते. आमच्या बाया गुंड (हंडे) घेऊन उभ्या राह्यते. नाई म्हणाव तं पाहुणे, हो म्हणाव तं आमालेच पुरत नाई. काय कराव सांगजा. (एक वाचक, अमरावती जिल्हा)

काका, हे पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण वरचे सगळे प्रश्न ज्यांनी विचारले त्यांनी हे वाचायलाच पाहिजे. हापशी मिनिटाला १२-१५ लिटर देते, तेही उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की कमी. कुणी २०० लिटरची टाकी लावली म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, तेवढ्यात दहा-बारा गुंड भरले असते. आणि वरुड-मोर्शीकडं तर भूजल आधीच इतकं उपसलंय की दरवर्षी बोअर आणखी खोल न्यावी लागते.

तुम्ही नाही म्हणा, त्यात पाहुणचाराला काही कमी येत नाही. प्यायला तांब्याभर द्या, टाकी भरायला नाही. ग्रामपंचायतीला सांगून हापशीजवळ एक पाटी लावून घ्या, की फक्त गावासाठी, गाडीच्या टाकीला पाणी मिळणार नाही, आणि खाली मिळायची जागा लिहा. गावात कुणाची स्वतःची विहीर किंवा आरओ प्लांट असेल आणि तो द्यायला तयार असेल तर त्याचं नाव-वेळ, नाहीतर जवळच्या मोठ्या गावाचं अंतर. नळयोजना असेल तर ग्रामपंचायतीनं दर ठरवून पावती फाडावी आणि वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवावी, गाव भरून झाल्यावर.

आणि गाडीवाल्यांनो, तुम्ही टाकी शहरात भरून निघा, नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला, यवतमाळ, यात फार लांबची अंतरं नाहीत. खेड्यात मागायचीच वेळ आली तर आधी सरपंच किंवा ग्रामसेवक, मग पाइप. गावात टँकर येत असेल तर मागायचंच नाही, सरळ पुढं निघायचं.